रेंज फुल, पण पत्ताच नाही

नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची साठ मुलं एका वेळी बसतात. गेल्या उन्हाळ्यात रोज दुपारी चारच्या सुमाराला एकच तक्रार यायची: "काका, रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही." सकाळपासून बसलेल्यांचं सुरळीत, नुकत्याच आलेल्यांचं बंद. राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ बरं चालायचं. स्पीड कमी पडतोय असं समजून आम्ही महागडा प्लॅनही घेतला. शेवटी एका मुलीने लॅपटॉपवरचा आयपी पत्ता दाखवला. तो १६९.२५४ने सुरू होत होता, आणि दुखणं कुठे आहे ते तिथेच कळलं.

रेंज असणं म्हणजे फक्त रेडिओ लहरी पोहोचणं. माहितीची ने-आण व्हायची तर प्रत्येक यंत्राला त्या जाळ्यापुरता, म्हणजे नेटवर्कपुरता, स्वतंत्र आयपी पत्ता लागतो. तो आपोआप वाटण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३मध्ये तिचं मानक आलं आणि १९९७मध्ये सुधारलं गेलं. वाटप करणारा सर्व्हर म्हणजे काही भलंमोठं कपाट नव्हे, घरच्या राउटरच्या पोटातही तो असतो. त्याच्याकडून उत्तरच आलं नाही, तर लॅपटॉप स्वतःहून १६९.२५४चा कामचलाऊ पत्ता घेतो. त्यावर खोलीतल्या यंत्रांशी बोलता येतं, पण बाहेर पडता येत नाही.

आता यातला सर्वांत देखणा भाग. ज्याला पत्ताच नाही, त्याने पत्ता मागायचा कसा? उत्तर येणार कुठे? म्हणून नवं यंत्र सरळ हाळी देतं. पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे 'इथे जो कोणी असेल तो'. ही हाळी ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे यंत्रातली त्या-त्या कामाची खिडकी) ६७वर जाते, आणि तिच्यात यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वायफायच्या भागाची ओळखखूण, आणि त्या वेळेपुरता निवडलेला एक ३२ बिटांचा अंक असतो. सर्व्हर म्हणतो, 'हा १९२.१६८.१.११७ घे.' त्या उत्तरात तोच अंक असतो, त्यामुळे एकाच क्षणी वीस फोन हाळी देत असले तरी आपलं उत्तर कुठलं हे ज्याला त्याला ओळखता येतं. मग यंत्र म्हणतं, 'हाच मला हवा,' आणि सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक: चार निरोप, बहुतेकदा डोळ्याची पापणी लवायच्या आत.

तिसरा निरोपही यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असाच देतं, कारण जाळ्यात दोन सर्व्हर असू शकतात. ज्याचा पत्ता घेतला नाही त्यालाही ते ऐकू येतं, आणि त्याने राखून ठेवलेला पत्ता मोकळा होतो. जाळ्यातले निरोप दाखवणारं वायरशार्क हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून हे चार निरोप मी पहिल्यांदा एकाखाली एक पाहिले, तेव्हा कितीतरी वेळ पुन्हापुन्हा वायफाय तोडून जोडत बसलो होतो.

पत्ता मिळतो तो भाड्याने. आपल्या अकरा महिन्यांच्या करारासारखी त्याला मुदत असते, तिला लीज म्हणतात. मुदत दोन तासांची असेल, तर साठाव्या मिनिटाला यंत्र त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतं. तो गप्प राहिला, तर सात-अष्टमांश मुदत सरल्यावर, म्हणजे १०५व्या मिनिटाला, ते पुन्हा हाळी देतं आणि कुठल्याही सर्व्हरचं उत्तर चालवून घेतं. १२०व्या मिनिटापर्यंत काहीच झालं नाही, तर पत्ता सोडावा लागतो.

आमच्या राउटरमध्ये पत्ते होते १०० आणि मुदत होती २४ तास. सकाळच्या पाळीतली मुलं घरी जायची, पण जाताना फोन 'पत्ता परत घ्या' असं सांगत नाहीत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि गाडीत चढूच नये, तसे ते पत्ते अडकून पडायचे. दुपारपर्यंत शंभर संपायचे. राउटर बंद केला की त्याची नोंदवही पुसली जायची, म्हणून तेवढ्यापुरता गुण यायचा. मुदत दोन तासांवर आणली, पत्ते दोनशे केले आणि जुन्या प्लॅनवर परत गेलो.

याच काळात कुणीतरी राउटरवर 'रेडिएशन रोखणारा' स्टिकर आणून चिकटवला. लोकहो, त्याने लहरी खरंच अडवल्या असत्या, तर वायफायच बंद पडलं असतं. असल्या वस्तूंवर पैसे घालवू नका.

स्वतः शिकायचं असेल तर जुन्या संगणकावर लिनक्स ही संगणकप्रणाली टाका आणि पत्ते वाटणारं डीएनएसमास्क हे सॉफ्टवेअर बसवा. त्याला मुख्यतः चारच गोष्टी सांगायच्या: पत्ते कुठून कुठपर्यंत, बाहेर जायचं दार कोणतं, वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा डीएनएस कोणता, मुदत किती. प्रिंटरचा पत्ता हाताने द्यायचा असेल, तर तो या वाटपाच्या बाहेरचा ठेवा. ऐरोली-महापेच्या मोठ्या कार्यालयांत मजल्यागणिक वेगळं जाळं असतं आणि हाळी त्याबाहेर जात नाही. तिथे रिले एजंट हा मधला निरोप्या ती हाळी पकडून, तिच्यात त्या जाळ्यातला आपला पत्ता घालून, दूरच्या सर्व्हरकडे धाडतो. त्या पत्त्यावरूनच सर्व्हरला कळतं की कुठल्या मजल्याच्या गठ्ठ्यातून द्यायचं.

मात्र सराव घरातल्या चालू जाळ्यावर करू नका, वेगळा स्विच (यंत्रं वायरने एकमेकांना जोडणारा डबा) घ्या. आमच्याकडे एकाने जास्तीचे सॉकेट हवेत म्हणून घरचा जुना राउटर आणून जोडला. तोही पत्ते वाटू लागला आणि ज्याची ऑफर आधी पोहोचेल ती यंत्रं घेत गेली. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला १९२.१६८.१चा पत्ता, दुसऱ्याला १९२.१६८.०चा, आणि दुसऱ्याचं नेट बंद, कारण त्या जुन्या राउटरला बाहेरची वाटच नव्हती. टेबलाखालचा तो राउटर सापडायला आम्हाला अख्खा रविवार लागला.