पेढे वाटले की ठरलं

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सहा महिने रोज एकत्र बसणारी दोघं. एक दिवस त्याच्या मोबाइलवर डेटिंग अ‍ॅप चालू असल्याचं तिला दिसतं आणि भांडण एका वाक्यावर येऊन अडतं: ‘आपलं तसं काही ठरलं होतं का?’

दुसऱ्या कोणाकडे बघायचं नाही, हे ठरवायचं काम पूर्वी त्या दोघांकडे नसायचंच. माझ्या आत्याचा साखरपुडा गिरगावातल्या चाळीत झाला. संध्याकाळी आजी मजल्यावरच्या प्रत्येक बिऱ्हाडात पेढे देऊन आली. त्यानंतर कोणी स्थळ सुचवलं नाही, आणि समोरच्या खोलीतला कॉलेजकुमार गॅलरीत रेंगाळायचा थांबला. आत्या नि काका तोवर एकमेकांशी धड चार वाक्यंही बोलले नव्हते.

ही बांधिलकी दोघांना सारखी होती असं मात्र समजू नये. कोकणातून गिरणीत आलेल्याची बायको गावी. तिच्यावर अख्ख्या वाडीची नजर, त्याच्याबद्दल ‘मुंबईला असतो’ एवढंच. पारशांना 1865 च्या कायद्याने जोडीदार असताना दुसरं लग्न बंद झालं, पण मुंबई प्रांतातला हिंदू नवरा 1946 पर्यंत राजरोस दुसरी करू शकत होता. त्या वर्षीच्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. मोक्षासाठी मुलगा लागतो, हाही एक मुद्दा होता! मुख्य न्यायाधीश छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी 1951 मध्ये कायदा कायम ठेवला. मुलगा हवा तर दत्तकाची वाट होतीच. हिंदूंवर देशभर हे बंधन 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आलं. व्यभिचाराचं कलम 497 तर आणखी मजेशीर: नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. ते 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

थोडक्यात, ‘आपली परंपरा’ म्हणून सांगितली जाणारी एकनिष्ठा पुरुषाच्या बाजूने कायद्यात आली त्याला जेमतेम 80 वर्षं झालीत.

मधल्या काळातल्या प्रेमप्रकरणांना चोरून भेटण्याचा आधार होता. घरी कळलं तर काय, ही धास्ती घेऊन जी मरीन ड्राइव्हवर येते, तिला दुसरं कोणी आहे का, हे कोण विचारणार? आता धास्ती कमी झाली, 2012 नंतर टिंडरसारखी अ‍ॅप्स आली, आणि पेढे वाटायला तर कोणीच नाही.

कट्ट्यावर तो म्हणतो, ‘विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’

ती म्हणते, ‘हे काय विचारायचं असतं?’