सॅक मोजायचे की प्रेशर? कॉलेजच्या पास रशरची पारख

अमेरिकन फुटबॉलमध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या पास रशर जॅडेव्हियन क्लाउनीने २०१२ च्या हंगामात १३ सॅक केले, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडलं, आणि पुढच्या हंगामात अवघे ३. नुसत्या आकड्यांवर निकाल लागत असता, तर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात, त्यात) त्याचा भाव साफ पडायला हवा होता. प्रत्यक्षात ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं. दुसऱ्या हंगामात समोरच्या संघांनी त्याच्यावर दोन-दोन ब्लॉकर लावले, खेळ मुद्दाम त्याच्या उलट बाजूला वळवला, चेंडू हातात आल्या आल्या सोडून दिला. त्याचे सॅक आटले, पण त्याच्या भीतीने दुसऱ्यांचे बेत बदलत होते, आणि व्हिडिओ बघणाऱ्या स्काउटला ते दिसत होतं.

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पास रशरने समोरच्या ब्लॉकरला चकवून किंवा ढकलून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं असतं, तेही दोन-अडीच सेकंदांत. पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेच्या मागे पाडलं की तो सॅक. प्रेशरचा पसारा मोठा. त्यात सॅक येतोच, शिवाय चेंडू सोडताना बसलेली धडक येते, आणि क्वार्टरबॅकला घाईने फेकायला किंवा जागा सोडून पळायला लावणंही येतं. त्यामुळे प्रेशर म्हणजे हुकलेला सॅक, असा बऱ्याच जणांचा समज होतो. माझ्या मते कॉलेजच्या खेळाडूची पारख चुकते ती बहुतेक वेळा याच समजापायी.

कारण सॅक एकट्या रशरचा नसतो. मागे कव्हरेजवाल्यांनी, म्हणजे पास रोखणाऱ्या खेळाडूंनी, पास झेलणारे सगळे रिसीव्हर बांधून ठेवले, तर क्वार्टरबॅक चेंडू धरून उभाच राहतो आणि चार सेकंदांनी पोचलेल्या रशरच्या नावावर सॅक जमा होतो. काही क्वार्टरबॅक स्वभावानेच चेंडू सोडत नाहीत. काही इतके चपळ डोक्याचे, की त्यांना सॅक करणं जवळपास अशक्य. आपला संघ वीस गुणांनी पुढे असेल तर समोरच्याला पास फेकण्यावाचून गत्यंतर नसतं, म्हणून बलाढ्य संघातल्या रशरला संधीच जास्त मिळतात. कधी ब्लिट्झमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त खेळाडू एकदम क्वार्टरबॅकवर सोडले जातात तेव्हा, त्याला कुणी अडवलेलंच नसतं. यातलं काहीच त्याच्या कौशल्याबद्दल बोलत नाही, पण तक्त्यात सगळे सॅक एकाच मापाचे. क्रिकेटमध्ये एका टोकाने बॅट चुकवत राहणाऱ्या गोलंदाजाचं दडपण असतं आणि विकेट दुसऱ्या टोकाकडून पडते, तसाच हा प्रकार.

त्यात संख्या फार लहान. कॉलेजच्या हंगामात बारा-तेरा सामने होतात आणि दहा सॅक म्हणजे उत्तम कामगिरी. त्यातले तीन सप्टेंबरमध्ये एखाद्या दुबळ्या पाहुण्या संघाविरुद्ध मिळालेले असले, तर उरलेल्या हंगामाचं चित्र पार वेगळं दिसतं. प्रेशर याच्या कितीतरी पट असतात. साधारण पाच-सहा प्रेशरमागे एक सॅक, असा ढोबळ हिशेब धरला जातो. नमुना मोठा असल्यामुळे नशिबाचा वाटा कमी उरतो, आणि या हंगामात सातत्याने प्रेशर आणणारा पुढच्या हंगामातही आणेल, असा अंदाज सॅकपेक्षा जास्त भरवशाचा ठरतो.

मग सगळे सॅकच का सांगतात? कारण तो मोजायला सोपा. व्यावसायिक लीग असलेल्या एनएफएलने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये, आणि कॉलेजच्या खेळांची संस्था असलेल्या एनसीएएने त्याहून उशिरा, २००० मध्ये. प्रेशर मात्र बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. प्रो फुटबॉल फोकससारख्या कंपन्या व्हिडिओ पुढेमागे करून तो नोंदवतात, त्यामुळे एकाच खेळाडूचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर दचकू नये.

आता प्रेशरचीही आरती ओवाळायला नको. त्यातही भेसळ असते. न अडवलेला रशर इथेही फुकटात मोजला जातो. उलट, कॉलेजच्या खेळात स्क्रीन पास (ब्लॉकरच्या आडोशाने जवळच दिलेले झटपट पास) आणि धावण्याचा देखावा करून झटकन सोडलेले पास इतके असतात, की कितीतरी स्नॅपवर, म्हणजे चेंडू खेळात येतो त्या प्रत्येक वेळी, कुणीच रशर क्वार्टरबॅकपर्यंत पोचू शकत नाही. असे स्नॅप भागाकारात धरले तर चांगल्याचीही टक्केवारी घसरते. म्हणून जाणकार ते वगळून, क्वार्टरबॅक खरोखर मागे सरकून उभा राहिला तेव्हाचाच आकडा मागतात. आणखी खोलात शिरणारे फक्त एवढंच बघतात, की ब्लॉकर हरला का? चेंडू आधीच सुटला असेल, तरी ती रशरची जीतच.

सॅक आणि प्रेशर एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा काम सोपं होतं. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये मिशिगनच्या एडन हचिन्सनचं तसंच होतं. आधीच्या हंगामात त्याने १४ सॅक केले होते, तो मिशिगनचा विक्रम होता, आणि प्रेशरही त्याला साजेसे. तरीही जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी पहिल्या क्रमांकावर घेतला तो जॉर्जियाचा ट्रॅव्हॉन वॉकर, ज्याच्या नावावर त्या हंगामात होते ६ सॅक. त्याची बाजू अशी: जॉर्जियाच्या संघात त्याला अनेकदा आतल्या बाजूला उभं करून धावणाऱ्याची वाट अडवायला लावत; शिवाय २७२ पौंड वजनाचा माणूस ४० यार्ड ४.५१ सेकंदांत धावला होता. म्हणजे कमी सॅकना कारण होतं. पण कारण असणं वेगळं आणि लपलेलं कौशल्य असणं वेगळं. पहिल्या वर्षी हचिन्सनने ९.५ सॅक केले, वॉकरने ३.५. वॉकर पुढे २०२३ मध्ये दहापर्यंत पोचला, त्यामुळे निवड वाया गेली असं म्हणता येत नाही. पण इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधल्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांमधल्या) धावण्याला जॅग्वार्सनी दिलेलं वजन मला तेव्हाही जास्त वाटलं होतं, आजही वाटतं.

कमी सॅकवाल्यावर डाव लावून जिंकण्याचं उदाहरण द्यायचं तर डॅनियल हंटर. एलएसयूमध्ये, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात, शेवटच्या हंगामात त्याचे सॅक होते दीड. मिनेसोटा व्हायकिंग्सनी २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत, ८८ व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. २०१८ आणि २०१९ या दोन्ही हंगामांत त्याने १४.५ सॅक केले. याच्या अगदी उलट व्हर्नन गोल्स्टन: ओहायो स्टेटमध्ये २००७ साली १४ सॅक, कम्बाइनमध्ये २२५ पौंडांची बेंच प्रेस ३७ वेळा, न्यूयॉर्क जेट्सची सहाव्या क्रमांकाची निवड, आणि एनएफएलमध्ये एकूण सॅक शून्य.

हंटरच्या नावाने मग दरवर्षी कुणा ना कुणाचं घोडं पुढे दामटलं जातं. टेक्सस ए अँड एमच्या शेमार स्टुअर्टने कॉलेजच्या तीन हंगामांत दर वर्षी दीड असे मिळून साडेचार सॅक केले, तरी सिनसिनाटीने २०२५ मध्ये त्याला १७ व्या क्रमांकावर घेतलं. ‘पोचत होता, पाडता येत नव्हतं’ हा अशा खेळाडूंसाठीचा ठरलेला बचाव. एका हंगामापुरता तो मी मानतो; तीन हंगाम तेच घडत असेल, तर ती नशिबाची गोष्ट राहत नाही. जवळ जाऊन तोल सुटणं, हात आखूड पडणं, शेवटच्या दोन पावलांत वळता न येणं हे दोष प्रेशरच्या आकड्यात झाकले जातात आणि सॅकच्या आकड्यात उघडे पडतात. सॅककडे बघायचं ते यासाठी. आणि कधीकधी मोठा आकडा खरोखरच मोठा असतो: अ‍ॅरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जने २००२ मध्ये २४ सॅक केले, ड्राफ्टआधी तो हळू धावला म्हणून नाकं मुरडली गेली, बाल्टिमोरने दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि कारकीर्द संपताना त्याच्या नावावर १३९ सॅक होते.

हे सगळं डोळ्यांनी तपासायचं असेल तर नोव्हेंबर २०२१ चा मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट हा सामना काढून बघा. मिशिगनने तो ४२-२७ असा जिंकला. हचिन्सनच्या नावापुढे ३ सॅक आहेत. ते तीन सोडून द्या आणि बाकीचे स्नॅप बघा: समोरच्या दोन्ही बाजूंचे टॅकल (कडेचे ब्लॉकर), निकोलस पेटिट-फ्रेअर आणि डवांड जोन्स, पुढे स्वतः एनएफएलमध्ये निवडले गेले. त्यांना तो किती वेळा आणि कोणकोणत्या चालीने मागे टाकतो, हे मोजा.