एसएमपीएस की रॅम? आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या पीसीचं निदान

असेंबल केलेला पीसी चालता चालता आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदल’ हा एक, आणि ‘रॅम काढ, खोडरबराने पुस, परत लाव’ हा दुसरा. दोन्हीकडचे लोक सारख्याच ठामपणे बोलतात, कारण बाहेरून दोन्ही बिघाड एकसारखे दिसतात: स्क्रीन काळी होते आणि थोड्या वेळात मदरबोर्डचा लोगो येतो. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. त्या ओळखायला एक प्रश्न पुरतो: बंद पडण्यापूर्वी विंडोजला काही लिहून ठेवायला वेळ मिळाला का?

एसएमपीएस असा वेळ देत नाही. मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या जाड केबलमधली एक तार फक्त ‘वीज ठीक आहे’ एवढा निरोप देण्यासाठी असते. पुरवठा फार घसरला की तो निरोप थांबतो आणि मदरबोर्ड त्याच क्षणी रीसेट होतो. विंडोजला पत्ताही लागत नाही. रॅमचं तसं नाही. तिथे एखादा बिट चुकीचा वाचला जातो, पण वीज चालूच असते. पुढे कधीतरी त्या चुकीच्या माहितीवर काम करताना विंडोजला गफलत कळते, ती निळी स्क्रीन काढते, डंप फाइल (बिघाडाच्या क्षणाची नोंद) लिहिते आणि मग स्वतः रीस्टार्ट करते.

घोळ होतो तो या शेवटच्या पायरीवर. आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते. आपण पाणी प्यायला उठलेलो असतो, निळी स्क्रीन येऊन जाते आणि परत येऊन पाहतो तर लॉगिनची स्क्रीन. म्हणून एक रुपयाही खर्च करण्याआधी सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये, ॲडव्हान्स्ड टॅबखाली, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी निळी स्क्रीन येऊन थांबली तर एसएमपीएसवरचा संशय बराच कमी होतो. तरीही मशीन काही न बोलता रीस्टार्ट झालं, तर तो वाढतो.

दुसरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत असतो. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल खुणेची नोंद दिसते आणि नावात ‘पॉवर’ आहे म्हणून अनेक जण थेट नवा एसएमपीएस आणतात. ही नोंद म्हणजे कारणाचा रकाना कोरा असलेला मृत्यूचा दाखला. मशीन परत सुरू झाल्यावर विंडोज ती लिहिते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नव्हतं. कामाची गोष्ट तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये आहे: बगचेक-कोड. तो ० असेल तर विंडोजला काही नोंदवता आलं नाही, म्हणजे वीज, रीसेट किंवा पूर्ण गोठलेलं मशीन. २६ किंवा ८० असे आकडे दिसले तर निळी स्क्रीन येऊन गेलेली आहे आणि हे दोन आकडे मेमरीच्या तक्रारींचे आहेत. पण बिघडलेला ड्रायव्हरही (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) तेच आकडे देऊ शकतो. रॅमची खरी खूण म्हणजे दर वेळी वेगळा कोड आणि दर वेळी वेगळ्याच ड्रायव्हरवर आळ. सोबत मोठी झिप फाइल उघडताना एरर येणं, ब्राउझरचे टॅब कोसळणं, गेमचं इन्स्टॉलेशन अर्ध्यात फसणं, असलं काहीबाही चालू असतं.

एसएमपीएसचा स्वभाव वेगळा. विजेची मागणी, म्हणजे लोड, एकदम उडी घेतो तेव्हा तो दगा देतो. तासभर व्हिडिओ पाहिला तरी काही नाही, पण गेमचा नकाशा लोड होताच रीस्टार्ट. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरतं आपल्या सरासरीच्या कितीतरी वर वीज खेचतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात असे झटके सोसण्याची अट घालावी लागली ती यामुळेच. मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. इतका क्षणिक झटका मल्टिमीटरला दिसतच नाही.

दोघांना वेगळं करायच्या चाचण्या फुकट आहेत. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. रीस्टार्ट थांबले तर बोट एसएमपीएसकडे किंवा त्याच्या केबलकडे वळतं. एकाच केबलच्या दोन तोंडांवर मोठं कार्ड चालवत असाल तर आधी दोन स्वतंत्र केबल लावून पाहा. रॅमसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याची सेटिंग, बंद करा. खोक्यावर छापलेला ३६०० किंवा ६००० हा वेग ओव्हरक्लॉकचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वरचा असतो. रॅम चांगली असूनही प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर तो पेलत नाही, असं चार स्टिक लावल्यावर सर्रास घडतं. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक एरर आली तरी निकाल लागला. शून्य आल्या तर मात्र रॅम सुटली असं लगेच समजू नका.

खोडरबराबद्दल एक शब्द. पुसल्यावर पीसी सुधारतो हे खरं आहे, पण श्रेय बहुतेक वेळा रॅम नीट बसण्याला जातं. शिवाय कॅबिनेट उघडून हात घालताना शेजारची सैल पॉवर केबलही दाबली जाते. त्यामुळे अशा दुरुस्तीतून दोष कशात होता ते कळतच नाही.

आपल्याकडे एक तिसरा संशयित धरावाच लागतो: घरची वीज. ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, आणि वीज तुटल्यावर एसएमपीएसने साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. आतले वीज साठवणारे कपॅसिटर जुने झाले की तेवढंही जमत नाही. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल आणि इन्व्हर्टर इको मोडमध्ये असेल, तर लाईट जाताना होणारी अदलाबदल त्याला पुरेशी जलद नसते. यूपीएस मोड करून पाहा. रीस्टार्ट होताना ट्यूबलाइटही लुकलुकली का, हेही बघून ठेवा.

एएमडीचा रायझन प्रोसेसर असणाऱ्यांसाठी एक अपवाद. काहीच काम चालू नसताना पीसी रीस्टार्ट होत असेल आणि कोड ० असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधून ते ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवा. प्रोसेसर खोल झोपेत गेला की वीज इतकी कमी ओढतो की काही एसएमपीएसना ते झेपत नाही.

एवढं करूनही एसएमपीएसच दोषी वाटला तर आधी मित्राचा लावून पाहा, मग विकत घ्या. आणि तो मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) असेल तर त्याच्याच केबल वापरा. ग्राफिक्स कार्डाकडची टोकं सारखी दिसतात, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी मॉडेलनुसार बदलते. जुनी केबल नव्या एसएमपीएसला लावली तर हार्ड डिस्क जळू शकते.