ग्रहणात कात्री धरली म्हणून ओठ फाटत नाही

२ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी दुपारनंतर, सोलापुरातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. तेव्हा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत पोटुशी सुनेला पुन्हा ऐकावं लागेल: 'आज कात्री धरू नको, बाळाचा ओठ फाटेल.' तेंदूपानं कापून पोट भरणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला सांगणं.

बाळाचा वरचा ओठ गर्भारपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तो तेव्हा जुळला नाही तर फट राहते. पाचव्या-सातव्या महिन्यात भाजी चिरली, पानं कापली, तरी आधीच जुळलेला ओठ उसवत नाही. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. ती गर्भापर्यंत काय नेणार? दुभंगलेल्या ओठामागे आनुवंशिकता असते, काही औषधं असतात, आईचं धूम्रपानही असतं. तरी दोष मात्र त्या माउलीच्या माथी! मला याचाच राग येतो. ओठ शस्त्रक्रियेने नीट होतो, हे तिला कुणी सांगत नाही.

सासूबाई, त्या दुपारी सुनेला उपाशी कोंडू नका, वेळेवर जेवू घाला. जपायचे ते डोळे: सूर्याकडे बघायचं तर ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्यातूनच, जुन्या एक्स-रे फिल्ममधून नाही.