राजकीय सल्लागार व लॉबिस्ट (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या घटक राज्यांत निवडणुका लढवून देणे आणि विधिमंडळात विधेयके पुढे रेटणे किंवा अडवणे हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. पहिले काम राजकीय सल्लागाराचे, दुसरे लॉबिस्टचे. कॅलिफोर्नियात तो लवकर फोफावला, याचे एक कारण तिथल्या सुधारणांत सापडते. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची राज्यकारभारावरची पकड मोडण्यासाठी गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले प्रमुख) हायरम जॉन्सन यांच्या काळात, १९११ मध्ये, मतदारांना थेट कायदे करण्याचा हक्क मिळाला. १९१३ पासून एकाच उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुका (ज्यांत पक्षाचा उमेदवार ठरतो) लढवता येऊ लागल्या. रेल्वेचा वचक गेला, पण पक्षही खिळखिळे झाले. उमेदवाराला माणसे, पैसा आणि प्रचार कोणी पुरवायचा? ती जागा मोबदला घेऊन काम करणाऱ्यांनी घेतली.

क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर यांनी १९३३ मध्ये 'कॅम्पेन्स, इन्कॉर्पोरेटेड' काढली. राजकीय प्रचार हेच काम करणारी ही पहिली कंपनी मानली जाते. १९३४ मध्ये कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा या दोघांनी त्यांची पुस्तके चाळून पात्रांच्या तोंडची वाक्ये वेचली आणि ती खुद्द सिंक्लेअर यांची मते म्हणून वृत्तपत्रांतून पसरवली. सिंक्लेअर हरले. १९४२ मध्ये याच जोडीने अर्ल वॉरन यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचाराचे काम केले. पण १९४५ मध्ये वॉरन यांनी सक्तीच्या आरोग्य विम्याचे विधेयक आणले, तेव्हा ती डॉक्टरांच्या संघटनेकडून त्याविरुद्ध उतरली. गावोगावच्या छोट्या वृत्तपत्रांना तयार अग्रलेख फुकट जात आणि जाहिराती देणारी एजन्सीही या जोडीचीच असे. विधेयक पडले. मतदाराची अशी दिशाभूल हा या व्यवसायाचा सर्वांत घातक वारसा होय.

आर्टी सॅमिश यांचा मार्ग वेगळा. जाहीर प्रचारापेक्षा त्यांची सारी भिस्त आमदारांवर होती. मद्य, बस वाहतूक, घोड्यांच्या शर्यती असे धंदे त्यांचे अशील. बिअर उत्पादक पिंपामागे पाच सेंट वर्गणी काढत. त्या निधीतून सॅमिश आपल्याला हवे ते उमेदवार निवडून आणत. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो येथे विधिमंडळासमोरच्या सेनेटर हॉटेलात त्यांचा तळ असे. १९४९ मध्ये 'कोलियर्स' साप्ताहिकाने त्यांचे छायाचित्र छापले: मांडीवर एक बाहुला आणि त्या बाहुल्याला ते 'विधिमंडळ' म्हणून हाक मारताहेत. त्या छायाचित्राने राज्यभर संताप उसळला, विधिमंडळाने त्यांना प्रवेशबंदी केली आणि लॉबिस्टांच्या नोंदणीचा कायदा आला. १९५३ मध्ये प्राप्तिकर चुकवल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. तुरुंगात धाडले ते केंद्राच्या करखात्याने. राज्याला ते जमले नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

एकाच उमेदवाराने दोन्ही पक्षांतून लढण्याची मुभा १९५९ मध्ये बंद झाली. १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्याने लॉबिस्टच्या भेटवस्तूंवर एका व्यक्तीमागे महिन्याला १० डॉलरची मर्यादा घातली आणि विधेयकाच्या निकालावर फी ठरवण्यास मनाई केली. १९९० पासून आमदारकी सुटल्यावर वर्षभर विधिमंडळात लॉबिंग करता येत नाही. त्याच वर्षी मतदारांनी आमदारांच्या कारकिर्दीवर मर्यादा घातली: असेंब्लीत (कनिष्ठ सभागृहात) सहा वर्षे, सेनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) आठ. परिणाम असा झाला की, विमा किंवा पाणीवाटपासारख्या किचकट विषयांत नवख्या आमदाराला मुरलेल्या लॉबिस्टवर विसंबावे लागू लागले. २०१२ मध्ये ही मर्यादा बदलून दोन्ही सभागृहे मिळून बारा वर्षे करण्यात आली, म्हणजे आमदाराला एकाच सभागृहात राहून विषय शिकायला वेळ मिळेल.