उन्हाळी, सराटा आणि काचेची बशी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरात लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणतात. भिंतीपलीकडच्या गुजराती घरात तोच 'उनवा'. उतारा दोन्हीकडे एकच. रात्री भिजत घातलेले धने सकाळी कुस्करायचे, गाळायचे, खडीसाखर घालून पेलाभर प्यायचे. त्यानंही भागलं नाही तर सराट्याचा काढा. हा सराटा म्हणजे अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत घुसतो तोच काटा, संस्कृतातला गोक्षुर.

चरकाने मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे लघवीला त्रास होण्याचे, आठ प्रकार सांगितले आणि गोक्षुर, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश यांना 'मूत्रविरेचनीय' गटात बसवलं. म्हणजे लघवी मोकळी करणारी द्रव्यं. जंतू मारण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. या दुखण्याला बहुतेक वेळा कारण असणारा ई. कोलाय हा जंतू एशेरिखने १८८५ साली वर्णिला.

वनस्पतीचा अर्क बडोद्याला परका नाही. १९०७ साली इथे उभी राहिलेली अलेम्बिक ही औषध कंपनी सुरुवातीला टिंक्चर आणि अल्कोहोलच बनवत होती. पण जंतूंवरची सल्फा औषधं आली, १९५० च्या दशकात नायट्रोफ्युरँटोइन, मग नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड. सराट्याकडे कोण बघणार?

बघावं लागलं, कारण औषधं चालेनाशी झाली. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत २००८ साली सापडलेल्या जंतूतून एनडीएम-१ हे बरीच प्रतिजैविकं निकामी करणारं एन्झाइम ओळखलं गेलं. त्याच्या नावात नवी दिल्ली आली आणि आपल्याकडे बराच गहजब झाला. जंतू राहिला बाजूलाच.

म्हणून आता प्रयोगशाळेत अशा वनस्पतींचा पाला वाळवतात, मिथेनॉलमध्ये भिजवतात, अर्क जंतू पसरलेल्या बशीत घालतात आणि भोवतालचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. वर्तुळ दिसलं की मथळा तयार! मला इथेच खटकतं. तुलनेसाठी ठेवलेली औषधाची चकती मायक्रोग्रॅमची, अर्क बहुधा मिलिग्रॅममध्ये. शिवाय पोटात गेलेल्या काढ्यातलं काय, किती आणि कोणत्या रूपात लघवीत उतरतं, हे बशी सांगत नाही.

क्रॅनबेरीचंच बघा. १९१४ पासून समज असा, की ती लघवी आंबट करते म्हणून गुणकारी. १९८४ मध्ये दिसलं की तिचा रस जंतूंना पेशींवर चिकटू देत नाही. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. पुन्हा पुन्हा होणारा टाळायला काही बायकांना उपयोगी पडते. आणि चिकटणं रोखण्याचा हा गुण बशीत वर्तुळ होऊन उमटतच नाही.