क्रमांक १ विरुद्ध क्रमांक ११०

१६ ऑगस्ट २००९. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हेझेल्टाइन मैदान, गोल्फच्या पीजीए चॅम्पियनशिपची चौथी आणि शेवटची फेरी. शेवटच्या जोडीत जागतिक क्रमवारीतला पहिला टायगर वुड्स आणि ११०वा, दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग. तोवर मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत तीन फेऱ्यांअखेर वुड्स १४ वेळा आघाडीवर होता आणि चौदाही वेळा जिंकला होता. त्या दिवशी त्याला ७५ फटके लागले, यांगला ७०. गोल्फमध्ये कमी फटके लागणारा जिंकतो, तेव्हा करंडक यांगने नेला.

असं झालं की लोक दबाव, फॉर्म, ग्रहमान सगळं शोधतात. वुड्स रविवारी लाल शर्ट घालतो आणि तो त्याला लाभतो, असं मानणारे पुष्कळ होते. तो शर्ट त्या रविवारीही त्याच्या अंगात होता.

गोल्फवर पैसे लावणाऱ्यांत ‘मॅचअप’ नावाचा एक प्रकार चालतो. दीडशे खेळाडूंतून विजेता ओळखत बसायचं नाही. बुकी दोन नावं देतो, त्यांतल्या कुणाला कमी फटके लागतील एवढंच सांगायचं. एका फेरीसाठी किंवा चारही फेऱ्या मिळून. ब्रिटनमध्ये हे जुनंच आहे. अमेरिकेत मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरची केंद्रीय बंदी रद्द केली आणि मग एकेक राज्य दार उघडत गेलं. आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, तेव्हा आपण कागद-पेन्सिल घेऊनच बसू. मला यातलं गणित आवडतं, आणि ते आठवी-नववीच्या भूमितीत दडलेलं आहे.

व्यावसायिक गोल्फपटूचे एका फेरीतले फटके त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती वरखाली होतात. मैदान त्या दिवशी अवघड होतं की सोपं, हा भाग वजा केला तरी या चढउताराचं प्रमाण विचलन (सरासरीपासून फटके साधारण किती दूर जातात याचं माप) पावणेतीन फटके भरतं. म्हणजे ७० सरासरीचा माणूस एक दिवस ६७ आणि दुसऱ्या दिवशी ७३ खेळला, तर त्यात कारण शोधण्यासारखं काहीच नाही.

आता मैदानात असे दोघे आहेत आणि आपल्याला हवा आहे त्यांच्यातला फरक. त्या फरकाचा चढउतार किती? पावणेतीन अधिक पावणेतीन, साडेपाच? नाही. एकाचा दिवस वाईट आणि नेमका त्याच दिवशी दुसऱ्याचा चांगला, असं नेहमी जुळून येत नाही. इथे बेरीज पायथागोरसच्या पद्धतीने होते: दोन्ही बाजूंचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. उत्तर ३.९, म्हणजे जवळपास चार फटके. एकाच्या चढउताराचा दुसऱ्याच्या चढउताराशी काही संबंध नसणं, हाच इथला काटकोन. आणि संबंध असेल तर? दोघे एकाच जोडीत असले की वारा सुटला तर दोघांनाही तोच. तेव्हा कोन काटकोनाहून लहान होतो आणि पायथागोरसच्या जागी कोसाइनचा नियम येतो. त्यातली कोसाइनची किंमत म्हणजेच संख्याशास्त्रातला सहसंबंध गुणांक! दोघांना सारखाच बसलेला वाऱ्याचा फटका वजाबाकीत उडून जातो. एक सकाळी आणि दुसरा दुपारी खेळणार असेल तर मात्र तो उडत नाही.

हे चार फटके डोक्यात ठेवून बघा. समजा ‘अ’ हा ‘ब’पेक्षा फेरीमागे अर्ध्या फटक्याने सरस आहे. ०.५ भागिले ३.९ म्हणजे ०.१३, प्रसामान्य वक्राच्या कोष्टकात याची संभाव्यता दिसते ५५ टक्के. चार फेऱ्या घेतल्या तर सरसपणा चौपट होऊन दोन फटके होतो, पण चढउतार वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दुप्पटच, ७.८. भागाकार ०.२६, संभाव्यता ६० टक्के. अमेरिकेचा स्कॉटी शेफलर २०२४ साली टूरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या, सरासरी खेळाडूपेक्षा फेरीमागे सुमारे अडीच फटके पुढे होता. त्याचाही हिशेब एका फेरीला ७४ टक्क्यांपाशी थांबतो. वर्षात सात स्पर्धा आणि ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा माणूस सरासरी खेळाडूकडून चारांतली एक फेरी हरू शकतो.

२०१६ची रॉयल ट्रूनच्या मैदानावरची ओपन ही मेजर स्पर्धा पाहा. पहिल्या दिवशी फिल मिकलसन ६३, हेन्रिक स्टेन्सन ६८. शेवटच्या होलवर मिकलसनचा पट (जवळून चेंडू भोकात ढकलण्याचा फटका) कपाच्या, म्हणजे त्या भोकाच्या, कडेवरून फिरून बाहेर राहिला, नाहीतर पुरुषांच्या मेजरमधला पहिला ६२ तिथेच लागला असता. पुढच्या तिन्ही फेऱ्या स्टेन्सनने घेतल्या आणि एकूण २६४ विरुद्ध २६७ असा तो जिंकला. पहिल्या फेरीच्या मॅचअपला मिकलसन बरोबर, स्पर्धेच्या मॅचअपला स्टेन्सन.

त्या कडेवरच्या चेंडूत बराच अर्थ आहे. आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडू जेमतेम निम्मे पट घालतात. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी टूरच्या फटक्याफटक्याची नोंद तपासली, तेव्हा अव्वल ४० खेळाडूंच्या वरचढपणात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच निघाला. सर्वांत मोठा वाटा ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीकडे, मारलेल्या लांबच्या फटक्यांचा होता. म्हणून गेल्या आठवड्यात पट धडाधड पडले या भरवशावर या आठवड्याचं भाकीत करणं कच्चं.

बुकीला हे सगळं ठाऊक असतं. समसमान जोडीला तो दोन्ही बाजूंना १.९१ भाव देतो: १०० लावा, जिंकलात तर मुद्दल धरून १९१ परत. हिशेब जुळायलाच ५२.४ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. वरचंच सूत्र उलटं फिरवलं तर एका फेरीच्या मॅचअपला त्याचा अर्थ पाव फटका. दोन खेळाडूंमधला फरक बुकीपेक्षा तुम्हाला पाव फटक्याने अचूक कळला पाहिजे, आणि तोही नफ्यासाठी नाही, नुकसान टाळण्यासाठी.

टेलिग्रामवरचे टिप्स देणारे ‘वीसपैकी तेरा बरोबर’ असं छातीठोक सांगतात. शंभर जणांनी नुसतं नाणं उडवून वीस-वीस भाकितं केली तरी त्यांतले तेरा जण तेरा किंवा जास्त बरोबर दाखवतील. हल्ली याच मालाला ‘एआय’चं लेबल असतं.

समजा एखाद्याला खरोखरच ५५ टक्के जमतात. ५२.४पासून हा फरक योगायोगाच्या दोन प्रमाण विचलनांबाहेर काढायला जवळपास दीड हजार मॅचअपची नोंद लागते. आठवड्याला दहा धरले तरी तीन वर्षं. तेवढ्यात कुणाची पाठ दुखावलेली असते, कुणी स्विंग बदललेला असतो, आणि ज्या पाव फटक्यावर सगळी मदार होती तो पुन्हा नव्याने मोजावा लागतो.